मत मागणाराची परीक्षा

(नांदेड-लातूरकडील शेतकरी व कारागीर मंडळींसाठी केलेले भाषण)



माळेगावच्या यात्रेत लालकंधारी गोऱ्हा घेणारा शेतकरी दात मोजतो, खांदा चाचपतो, चार पावले चालवून पाहतो. मडके घेणारी बाईसुद्धा ते वाजवून घेते. पण ज्याच्या हाती पाच वर्षे आपले पाणी, मालाचा भाव आणि पोरांची शाळा सोपवायची, त्या उमेदवारास पुष्कळजण जात पाहून, नाते पाहून, नाहीतर पुढाऱ्याच्या शब्दावर पास करून टाकतात. हा शहाण्याचा व्यवहार आहे काय?

कोणी म्हणतात, पदवीधरासच उभे राहू द्या. लोकसभेच्या उमेदवारास घटनेप्रमाणे २५ वर्षे वय पुरे लागते. शिक्षणाची अट नाही. कायदा राबविणारास मोठी लायकी लागावी आणि तो करणारास काहीच लागू नये, ही विसंगती आहे, असे डॉ. राजेंद्रप्रसादांनी २६ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत बोलून दाखविले होते. त्यांची तळमळ खरी होती. परंतु लायकीचा हा प्रश्न बहुजनांस नवा नाही. तेल्या-तांबोळ्यांना व कुणब्यांना कौन्सिलात जाऊन काय करावयाचे आहे, हा १९१७ साली टिळकांनी अथणीस केलेला सवाल प्रसिद्धच आहे! आणि आपल्या मराठवाड्यात तर निजामी अमलात वरचे शिक्षण उर्दूतून, खेड्यांत शाळांचाच दुष्काळ. १९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीस पदवीची अट असती, तर नांगर धरणाराच्या घरातून किती जण उभे राहू शकले असते? आधी शाळेचे दार बंद, मग अडाणी म्हणून राज्याचेही दार बंद, असा तो न्याय झाला असता.

मग अज्ञान चालेल काय? मुळीच नाही! पदवी निराळी, जाण निराळी. वसंतदादा पाटलांचे शिक्षण थोडे. पण सहकारी साखर कारखाना कसा चालतो हे त्यांस पक्के ठाऊक होते. शंकरराव चव्हाण वकील. पण नांदेडकर त्यांस आठवतात ते जायकवाडी आणि विष्णुपुरीच्या पाण्यासाठी. एकापाशी पदवी होती, दुसऱ्यापाशी नव्हती. आपल्या कामाची खडान्‌खडा माहिती मात्र दोघांपाशीही होती. हीच खरी लायकी.

आता दिल्लीस जाणाराने काय जाणावे? २०२४ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता. बाजारात पुष्कळ माल त्याहून खाली गेला. त्याच वर्षी सप्टेंबरात सरकारने परदेशी कच्च्या खाद्यतेलावर २० टक्के मूळ जकात बसविली, आणि मे २०२५ अखेर ती १० टक्क्यांवर आणली. बाहेरचे तेल स्वस्त झाले की लातूरच्या आडतीवर आपले सोयाबीन पडते. ही जकात औशात ठरत नाही, मुखेडातही नाही, दिल्लीत ठरते. हा धागा ज्यास उलगडून सांगता येत नाही, तो तेथे जाऊन आपले काय मांडणार?

तसेच पाण्याचे. मांजरा धरण कोरडे पडले आणि एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावे लागले. पहिल्या खेपेस १० वाघिणी, ५ लाख लिटर! तेव्हा मत मागणारास विचारा: धरणात पाणी किती, उसास किती, पिण्यास किती, आणि ही वाटणी कोण ठरवितो? सारेच त्यास पाठ असावे असे आम्ही म्हणत नाही. "ठाऊक नाही, जाणकारास विचारून सांगतो," असे म्हणून जो खरोखर उत्तर घेऊन येतो, तो थापा मारणाऱ्या पदवीधराहून शतपटीने बरा.

परीक्षेचे साधनही हाती आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ च्या निकालापासून उमेदवारास आपले शिक्षण, मालमत्ता, कर्ज आणि फौजदारी खटले प्रतिज्ञापत्रावर लिहून द्यावे लागतात. खटले असलेला माणूस का निवडला, हे पक्षाने वर्तमानपत्रात छापले पाहिजे, असाही हुकूम २०२० साली झाला. आणि तो निवडून येईल, एवढेच कारण त्यास चालत नाही. शिकलेल्या लेकीसुनांकडून हा कागद चावडीवर मोठ्याने वाचवून घ्या. उमेदवार आला की हारतुरे बाजूला ठेवा, आधी प्रश्न विचारा. आणि मिळालेली उत्तरे वहीत लिहून ठेवा. पाच वर्षांनी तो पुन्हा दारात येईल, तेव्हा तीच वही त्याच्यापुढे उघडा.