पाटाच्या काठाची वाट

पाटाच्या काठाने चालणे ही खेड्यात वाढलेल्या माणसाला नवलाची गोष्ट नव्हे. शाळेची, शेताची, बाजाराची वाट पुष्कळदा पाटाच्या भरावावरूनच जाते. परंतु केवळ अशा वाटेवरून चालण्याचा आनंद घेण्यासाठी दूरदूरचे लोक येतात, असा एक प्रदेश युरोपात आहे. स्वित्झर्लंडच्या नैर्ऋत्येकडील व्हाले हा तो प्रांत होय. तेथील जुन्या पाटांना फ्रेंच भाषिक गावांत ‘बिस’ आणि जर्मन भाषिक गावांत ‘सुओने’ म्हणतात. यांपैकी काही पाट पाचशे वर्षांहून अधिक जुने आहेत.

स्वित्झर्लंड म्हटले की हिरवी कुरणे, बर्फ आणि मुबलक पाणी असे चित्र डोळ्यांसमोर येते. व्हाले प्रांत या चित्रात बसत नाही. ऱ्होन नदीच्या या लांबट खोऱ्याला दोन्ही बाजूंनी उत्तुंग पर्वतांनी वेढले आहे. पावसाचे ढग पर्वतांच्या बाहेरच्या उतारांवर रिते होतात आणि खोऱ्याच्या वाट्याला लख्ख ऊन व कोरडा वारा येतो. सिओन या प्रांताच्या राजधानीत वर्षाकाठी सुमारे ६०० मिलिमीटर पाऊस पडतो. खानदेशातील अवर्षणप्रवण तालुक्यांची आठवण व्हावी, असाच हा आकडा आहे. फरक इतकाच की, येथे डोक्यावर बारमाही बर्फाचा साठा आहे. उन्हाळा जसजसा तापतो तसतसे हिमनद्यांचे पाणी वाढते. पिकाला पाणी हवे त्याच महिन्यांत डोंगरावर पाणी असते. पण ते खोल घळींतून वाहून जाते. घळीच्या माथ्याशी ते अडवून, डोंगराच्या कुशीने अगदी बेताच्या उताराने कित्येक किलोमीटर नेऊन कुरणांवर, शेतांवर आणि द्राक्षमळ्यांवर सोडणे, हे या पाटांचे कार्य.

चौदाव्या-पंधराव्या शतकांत या कामाला विशेष जोर आला. इटलीतील लोंबार्डीच्या शहरांतून गुराढोरांना मागणी वाढली, धान्याच्या शेतांची कुरणे झाली आणि चाऱ्यासाठी पाणी अपरिहार्य ठरले. माती होती तेथे पाट खणला गेला. दगड होता तेथे दगडी बांध रचला. उभा कडा आडवा आला तेथे खडकात भोके पाडून लाकडी तुळया ठोकल्या आणि त्यांवर लार्च वृक्षाच्या लाकडाची पन्हळ टांगली. खाली शेकडो फुटांची दरी आणि कमरेला दोर, अशा स्थितीत हे काम झाले. त्यात माणसे दगावली. दरवर्षीच्या दुरुस्तीतही दगावत राहिली.

आयाँ या गावचा मोठा पाट १४४२ साली बांधला गेला. त्याच्या काठाने निघालेल्या माणसाला प्रथम जाणवते ती वाटेची सपाटी. आल्प्स पर्वतात हिंडताना सारखा चढ किंवा उतार पायाखाली असतो. येथे मात्र पाण्याला मानवणारा उतार माणसालाही मानवतो. म्हणूनच वृद्ध मंडळी आणि लहान मुलेही या वाटेने सुखाने जातात. एका हाताला खळाळते थंडगार पाणी, दुसऱ्या हाताला झाडांच्या फटींतून दिसणारे खोरे, मध्ये जेमतेम एका माणसापुरती पायवाट. मग एकाएकी कडा येतो. त्यावर टांगलेली लाकडी पन्हळ पाहून पाहणारा क्षणभर थबकतो. हेच दृश्य २०१९ साली काढलेल्या स्विस शंभर फ्रँकच्या नोटेवर छापले आहे. गंमत अशी की, या पन्हळीची गरज फार पूर्वीच संपली. १८३१ साली त्या कड्यातून बोगदा खोदण्यात आला व पाणी आतून जाऊ लागले. आज कड्यावर दिसते ती जुन्या रचनेची पुन्हा उभारलेली प्रतिकृती आहे. तिला शोभेची वस्तू म्हणण्यास हरकत नाही. मात्र पूर्वजांनी काय केले हे शंभर पाने वाचून कळणार नाही ते ती एका दृष्टिक्षेपात सांगते.

ही पायवाट प्रवाशांसाठी निर्माण झालेली नाही. ती पाटाच्या राखणदाराची वाट आहे. आपल्याकडील पाटकऱ्याप्रमाणे हा मनुष्य पाणी सुरू असेतोवर रोज पाटावर फिरे. पडलेली फांदी, अडकलेला दगड, झिरपणारी भेग पाहून तत्काळ उपाय करी. त्याच्या मदतीला एक साधे यंत्र असे. पाण्याच्या ओघात एक छोटे चाक बसवलेले असे. चाक फिरे तसा त्यावरचा लाकडी हातोडा फळीवर टक् टक् आपटे. रात्री राखणदार झोपडीत निजलेला असला तरी हा ठोका कानावर असे. ठोका थांबला, की कोठेतरी पाणी फुटले हे तो जाणे आणि कंदील घेऊन बाहेर पडे. आवाजाने नव्हे तर शांततेने जागे होणारा हा पहारेकरी होता!

पाण्याची वाटणी हा सर्वांत नाजूक भाग. पाटाचे मालक म्हणजे त्याचे भागीदार शेतकरी. कोणाला किती तास पाणी, कोणाची पाळी कोणामागून, हे ठरलेले असे. जर्मन भाषिक गावांत हे हक्क लाकडी काठ्यांवर खाचा पाडून व कुटुंबाची खूण कोरून नोंदवीत. वाचता न येणाऱ्यालाही आपली काठी ओळखता येई. हक्काबरोबर कर्तव्यही बांधलेले होते. वसंत ऋतूत, पाणी सोडण्यापूर्वी, भागीदारांनी जातीने कामावर जाऊन पाट साफ करावा आणि कुजलेले लाकूड बदलावे, असा दंडक होता.

विसाव्या शतकात परिस्थिती पालटली. साव्हिएज गावाने १९३० च्या दशकात प्राबे डोंगराखालून बोगदा नेला व कड्यावरचा जुना पाट सोडून दिला. धोका टळला, पाणी वाचले. निर्णय योग्यच होता. पुढे तुळया कुजल्या, वाट ढासळली. एकविसाव्या शतकाच्या आरंभी तीच वाट झुलते पूल बांधून फिरावयास येणाऱ्यांसाठी खुली करण्यात आली. सिओनजवळचा क्लाव्हो पाट, मूळचा १४५३ सालचा, याची कथा वेगळी. तो आजही उंच दगडी बांधांच्या पायऱ्यांवर वसलेल्या द्राक्षमळ्यांना पाणी देतो आणि त्याच्या काठाने लोक फिरतातही. या दोहोंत क्लाव्होचे उदाहरण अधिक मोलाचे मानावे लागेल. तेथे देखभालीचे कारण आणि देखभाल करणारा, दोघेही जागेवर आहेत.

येथे एक पेच उभा राहतो. मातीचा पाट झिरपतो. म्हणून त्यास काँक्रीटचे अस्तर करावे किंवा पाणी नळातून न्यावे, असे अभियंता म्हणतो, आणि हिशेबाच्या दृष्टीने ते खरे आहे. परंतु त्या झिरपणाऱ्या ओलाव्यावरच कोरड्या उतारावरील झाडांची हिरवी रेघ जगते. पाट बंद होताच ती सुकू लागते आणि ज्या सावलीसाठी लोक येतात तीच नाहीशी होते. शिवाय शेती करणारे भागीदार कमी झाले, तर वसंतातील साफसफाई करावी कोणी? काही ठिकाणी ग्रामसंस्था आणि पर्यटन व्यवसाय यांनी हा भार उचलला आहे. २०२३ च्या डिसेंबरमध्ये युनेस्कोने स्वित्झर्लंडसह सात युरोपीय देशांतील पारंपरिक सिंचनाचा समावेश मानवाच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत केला. हा मान दगडा-लाकडाला मिळालेला नसून पाणी वाटून घेण्याच्या व पाट राखण्याच्या ज्ञानाला मिळाला आहे, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

धुळे व नाशिक जिल्ह्यांतील फड पद्धती ज्यांनी पाहिली आहे, त्यांना यातील पुष्कळ गोष्टी ओळखीच्या वाटतील. पांझरेसारख्या नदीवर बंधारा, तेथून निघणारा पाट, एका फडात सर्वांचे एकच पीक, पाटकऱ्याची पाळी आणि गावाने मिळून केलेली साफसफाई, ही व्यवस्था शेतकऱ्यांनीच पिढ्यानुपिढ्या चालविली. वरच्या अंगाला धरणे झाली, विहिरींचा उपसा वाढला, तसे नदीचे पाणी घटले व अनेक फड आकसले. २००५ च्या अधिनियमाने महाराष्ट्रात सिंचन व्यवस्थापनासाठी शेतकऱ्यांच्या पाणीवापर संस्थांना कायद्याचा आधार दिला. पाटकऱ्याचे वेतन कोणी द्यावे आणि चारी साफ करण्यास कोणी यावे, हे व्हालेच्या भागीदारांपुढचे दोन जुने प्रश्न या संस्थांच्या बैठकीतही प्रथम निघतात.

व्हालेतील पाटांना बहुधा वसंतापासून शरदापर्यंत पाणी असते. हिवाळ्यात ते कोरडे पडतात आणि हिम व दरडी यांमुळे त्या वाटा धोक्याच्या होतात. आयाँ येथे २०१२ साली या पाटांचे संग्रहालय सुरू झाले असून, चालावयास निघण्यापूर्वी ते पाहिल्यास वाटेवरील खाणाखुणा उलगडतात. चालणाऱ्यांकडून फारशा अपेक्षा नसतात. पाटात काही टाकू नये, काठ तुडवू नये आणि वाटेत लागणाऱ्या लहान लाकडी झडपांना हात लावू नये. झडपेच्या पलीकडे त्या वेळी कोणाची तरी पाळी चालू असते.