नंबराला दिशाही असते
(स्नेहमेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



आपल्या बॅचला आता चाळिशी लागली आहे. मघाशी कार्यक्रमपत्रिका वाचताना कितीतरी जणांनी ती हातभर लांब धरली होती, ते मी पाहिलं! म्हणून कॉम्प्युटरचं माझं काम बाजूला ठेवून आज मी चष्म्यावर बोलणार आहे. कारण शाळेला भेट म्हणून मुलांना चष्मे द्यावेत, असं आपल्या ग्रुपवर घाटतंय. कल्पना फार चांगली आहे. पण तयार चष्म्यांचं खोकं आणून वाटायचं असेल, तर माझा त्याला विरोध आहे. का, ते सांगते.

मला अॅस्टिग्मॅटिझम आहे. चष्म्याच्या दुकानात ज्याला ‘सिलिंड्रिकल नंबर’ म्हणतात, तोच. शाळेत तो कुणाच्या लक्षात आला नाही. फळ्यावरचं मी शेजारणीच्या वहीत बघून उतरवायचे. इंजिनिअरिंगला गेल्यावर डोळे तपासले, तेव्हा कळलं.

डोळ्याच्या पुढे कॉर्निया नावाचा पारदर्शक पडदा असतो. तो चेंडूसारखा सगळीकडून सारखा गोल असेल, तर प्रकाश एका बिंदूत जमतो. अॅस्टिग्मॅटिझममध्ये तो थोडा अंड्याच्या कुशीसारखा असतो. एका दिशेची गोलाई वेगळी, दुसरीची वेगळी. मग प्रकाश एका बिंदूत जमतच नाही. कुणाला आडव्या रेषा ठळक आणि उभ्या पुसट दिसतात, कुणाला उलट. आपल्या देवनागरीत ‘भ’ आणि ‘म’, ‘घ’ आणि ‘ध’ यांतला फरक केवढासा, ते आठवा. शिरोरेषाच पुसट झाली तर पोरगं अडखळणारच. आणि अडखळणाऱ्या पोराला आपण ‘ढ’ म्हणून मोकळे होतो.

यावरचा उपाय जुना आहे. जॉर्ज एअरी या इंग्रज खगोलशास्त्रज्ञाच्या डाव्या डोळ्यात हा दोष होता. त्याने स्वतःच्या डोळ्याचं मोजमाप घेतलं आणि १८२५ च्या सुमारास दंडगोलाकार वक्रतेची काच बनवून घेतली. आपल्या चष्म्यात आजही तेच तत्त्व आहे.

आता माझा मुद्दा. चष्म्याच्या कागदावर सिलिंड्रिकल नंबरापुढे आणखी एक आकडा असतो, अॅक्सिस. १ ते १८० अंशांमधला कोन. म्हणजे नंबर किती, एवढंच पुरत नाही. कोणत्या दिशेने, तेही लागतं. काच १० अंश फिरली तर सिलिंडरचा साधारण एक तृतीयांश फायदा जातो. ३० अंश फिरली तर फायदा शून्य. तयार चष्म्यात सिलिंडर नसतोच. दुसऱ्याचा जुना चष्मा घातला, तर त्याचा कोन आपल्या डोळ्याशी जुळणं कठीण. आणि दांडी मोडून दोऱ्याने बांधलेला, नाकावर तिरका बसणारा चष्मा घालून मूल वर्गात बसलं, तर चष्मा असूनही त्याला नीट दिसत नाही.

बाकीचे पर्यायही सांगते, कारण आपली मुलं आता कॉलेजात आहेत आणि विचारतात. टॉरिक कॉन्टॅक्ट लेन्स असतात; डोळ्यात फिरू नयेत अशी त्यांची रचना असते. पण हात स्वच्छ हवेत, लेन्सचं द्रावण हवं. लेन्सला साधं पाणी चालत नाही. उन्हाळ्यात टँकरची वाट बघणाऱ्या मोखाड्याच्या पाड्यात हे जमवणं अवघड. लेझर शस्त्रक्रिया अठरा वर्षांनंतर, नंबर स्थिर झाल्यावर आणि कॉर्निया पुरेसा जाड असेल तरच. आईवडिलांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन असेल, तर टॉरिक लेन्स बसवता येईल का, ते डॉक्टरांना विचारा. मूल सारखे डोळे चोळत असेल आणि सिलिंडर भराभर वाढत असेल, तर केराटोकोनस नाही ना, हे तपासून घ्या. त्यात कॉर्निया पातळ होत पुढे येतो; वेळेत कळलं तर क्रॉस-लिंकिंगने तो बहुधा थोपवता येतो. व्यायामाने किंवा थेंबांनी मात्र सिलिंडर जात नाही.

लहान मुलांच्या बाबतीत घाई यासाठी, की मेंदू बघायला शिकतो तो बालपणीच. जास्त नंबर असून चष्मा मिळाला नाही, तर डोळा ‘आळशी’ होतो. मग मोठेपणी अचूक चष्मा लावूनही पूर्ण दिसत नाही. सात-आठ वर्षांच्या आत चष्मा लागला तर सर्वांत उत्तम.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं २०१३ पासून शाळाशाळांतून मुलांची तपासणी करतात. त्यांचं काम आपण नव्याने करायला नको. आपण त्याच्या पुढचं करू या. ज्या मुलाला पुढे पाठवलं, ते खरंच डॉक्टरांपर्यंत पोचलं का, हे बघू या. खोडाळा किंवा सूर्यमाळहून जव्हारला यायचं म्हणजे आईचा दिवसाचा रोज बुडतो. तो रोज आणि एस.टी.चं भाडं आपण देऊ. प्रत्येक मुलाला त्याच्या स्वतःच्या नंबराचे दोन चष्मे देऊ, एक मोडला तर दुसरा. आणि दर तीन महिन्यांनी चष्मे सरळ करून, स्क्रू आवळून देणारा एक कारीगर शाळेत आणू. सुरुवात आपल्या शाळेपासून, मग जवळच्या आश्रमशाळा आणि पहिली-दुसरीचे वर्ग.

खोकी वाटून फोटो चांगले येतात, हे मला मान्य आहे. पण माझी वर्गणी मी या कामासाठी देते आहे. चहाच्या वेळी वही घेऊन दाराशी बसते. ज्यांना पटलं असेल त्यांनी नाव लिहा.