जुन्या ट्रॅक्टरचीं मागचीं चाकें

बैलगाडीच्या चाकावर धांव चढवितांना लोहार ती नजरेनें ठरवीत नाहीं. आधीं लांकडी चाकाचा घेर मोजून घेतो. जुन्या ट्रॅक्टरच्या मागच्या टायरची निवड मात्र पुष्कळदां नजरेनेंच होते. टायर जितका रुंद तितकी ओढ अधिक, या समजुतीपायीं शेतकऱ्याच्या कष्टाचा पैसा वायां जातो.

इंग्लंडांत कॉव्हेंट्री येथें १९४६ ते १९५६ या काळांत तयार झालेला फर्ग्युसन टीई-२० हा ट्रॅक्टर उदाहरणादाखल घ्यावा. त्याच्या मागच्या टायरचें माप १०-२८. यांतील २८ हा रिमचा इंचांतील व्यास. आज त्याच टायरवर बहुधा ११.२-२८ असा आंकडा असतो. टायर वाढला असा याचा अर्थ नव्हे; रुंदी सांगण्याची रीत बदलली. तसाच जुना ११-२८ तो आतांचा १२.४-२८, आणि जुना १२-२८ तो आतांचा १३.६-२८.

खरा निर्णय रिमच्या रुंदीवर अवलंबून असतो. ११.२ च्या टायरास १० इंच रुंदीची रिम योग्य, १२.४ च्या टायरास ११ इंचांची. एक इंच कमी असली तरी चालते. हें माप बाहेरच्या कडेवरून घेऊं नये. टायरची कड जेथें टेकते त्या दोन कांठांमधील आंतलें अंतर मोजावें. याहून अरुंद रिमवर रुंद टायर चढविल्यास त्याचे गाल आंत ओढले जातात, पाठ फुगते, आणि जमिनीस मधलाच भाग टेकतो. मग किंमत रुंद टायरची आणि पकड अरुंद टायरची!

उंचीचाही विचार हवा. १२.४-२८ हा ११.२-२८ हून सुमारें २ इंच उंच असतो. त्यामुळें प्रत्येक गिअरमध्यें वेग सुमारें ४ टक्के वाढतो व ओढ तितकीच घटते. थकलेल्या एंजिनास ही घट नांगरटीच्या वेळीं जाणवते. उतारावर भरलेला ट्रेलर मागून रेटीत असतां एंजिनाचा आवरही तितकाच कमी पडतो. शिवाय चाकें जवळ घेतलीं असतां रुंद टायर मडगार्डला घांसण्याचा संभव असतो.

दोन्ही बाजूंस एकाच मापाचे टायर असावेत. नाहीं तर डिफरेन्शियल सरळ वाटेवरही फिरत राहून झिजतें. वजनासाठीं टायरमध्यें क्षारयुक्त पाणी भरलेलें असल्यास वॉल्व्हभोंवतालची रिम गंजते. अशी गंजून पातळ झालेली अथवा तडकलेली रिम हवा भरतांना फुटल्यास माणसाच्या जिवावर बेतते. तिच्यावर नवा टायर कदापि चढवूं नये.

पकड कमी पडत असेल तर प्रथम चाकांवर वजन चढवून पाहावें. मोठ्या टायरचा विचार त्यानंतर. आणि दुकानाची वाट धरण्यापूर्वीं रिमवर मोजपट्टी लावावी.