आधी पाणी, मग मासे

माझ्या परिचयाच्या एका शाळेत मुलांनी वर्गणी काढून काचेची पेटी आणली. त्याच दिवशी पाणी भरले, त्याच दिवशी मासे सोडले. आठवड्यात निम्मे मासे मेले. गुरुजींनी पेटी लख्ख धुतली, सगळे पाणी बदलले, नवे मासे आणले. तेही गेले. मग त्या पेटीत खडू आणि फडकी राहू लागली! दोष माशांचा नव्हता, मुलांच्या हौसेचाही नव्हता. दोष होता घाईचा.

दुधाला विरजण लागते तसे पेटीतल्या पाण्यालाही लागते. माशांच्या मलमूत्रातून आणि उरलेल्या खाद्यातून अमोनिया तयार होतो. तो माशांना विषच. पण वाळूवर आणि गाळणीच्या स्पंजात काही सूक्ष्म जंतू वस्ती करतात. ते अमोनियाचे नायट्राइट करतात आणि नायट्राइटचे नायट्रेट. नायट्राइटही विषारी, नायट्रेट त्यामानाने सौम्य, आणि ते पाणवनस्पतींचे खतच होते. ही जंतूंची वस्ती नीट बसायला चार ते सहा आठवडे लागतात. तोवर मासे न सोडता रोज चिमूटभर खाद्य पाण्यात टाकावे. एखाद्या जुन्या, निरोगी पेटीतली मूठभर वाळू मिळाली तर फारच उत्तम. तेच आपले विरजण!

पेटी दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच असली तर तीत सुमारे पन्नास लिटर पाणी मावते. म्हणजे पन्नास किलो वजन. टेबल मजबूत हवे. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतो, म्हणून ते उघड्या बादलीत दिवसभर ठेवून मग वापरावे.

आता मासे कोणते? मी 'झेब्रा' सुचवीन. बोटाच्या दोन पेरांएवढा, अंगावर निळे पट्टे, आणि स्वभावाने काटक. हा काही परका नव्हे. आपल्याच गंगेच्या मुलखातील माशांवरच्या ग्रंथात फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी १८२२ साली याचे वर्णन केले. आज जगभरच्या प्रयोगशाळांत तो अभ्यासाला ठेवलेला असतो.

मात्र एक लक्षात ठेवा. हा थव्याने राहणारा मासा आहे. शत्रू आला तर नेमके कोणाला धरावे हे त्याला सुचू नये, अशी ही थव्याची युक्ती. एकटा ठेवला तर तो बावरतो, कोपऱ्यात दडतो, नीट खात नाही. म्हणून सहा तरी एकत्र हवेतच. आपल्या पेटीत आठ ठीक. आणि वर झाकण हवे, कारण स्वारी उड्या मारण्यात पटाईत!

दोन मिनिटांत संपेल एवढेच खाद्य द्यावे. प्रत्येक पोराने प्रेमाने चिमूट टाकली तर मासे त्या प्रेमानेच मरतात. तेव्हा पाळी लावून द्या. आठवड्याला चौथा हिस्सा पाणी बदला, सगळे कधीच नाही. स्पंज त्या काढलेल्या पाण्यातच खळबळून घ्या. साबण तर पेटीजवळही नको. आणि मासे जास्त झाले म्हणून ते ओढ्यात किंवा विहिरीत सोडू नका. कोणाला तरी द्या.

गुरुजनहो, रिकाम्या पेटीपाशी महिनाभर थांबणे मुलांना जड जाईल. पण न दिसणाऱ्या जिवांवर दिसणाऱ्यांचे जीवन चालते, हा धडा त्या महिन्यातच शिकून होतो. तेव्हा ती अडगळीतली पेटी काढा, पुसा, आणि आज फक्त पाणी भरा.