तेजी, मंदी आणि मुहूर्ताचा शोध

माल आज काढावा, की भाव चढेपर्यंत थांबावे? बुलढाणा जिल्ह्यातील खामगावच्या बाजारात हा प्रश्न पिढ्यानपिढ्या विचारला जात आला आहे. कापसाच्या गाड्या उभ्या असत, आडत्या भाव सांगे, आणि शेतकऱ्याच्या मनात दोन भये एकाच वेळी उभी राहत. आज विकले आणि उद्या भाव चढला तर? आज थांबलो आणि उद्या भाव उतरला तर? शहरातील सुशिक्षित गृहस्थ जेव्हा आपली शिल्लक भागबाजारात घालावयास निघतो, तेव्हा त्याच्याही मनात हीच दोन भये असतात. माल निराळा, बाजार निराळा. प्रश्न मात्र तोच. म्हणूनच भागबाजारातील तेजीमंदीचा विचार करताना खामगावपासून आरंभ करणे अप्रस्तुत होणार नाही.

एकोणिसाव्या शतकात खामगाव हे वऱ्हाडातील मोठ्या कापूस-बाजारांपैकी एक होते. त्या काळी ते अकोला जिल्ह्यात मोडत असे. बुलढाणा जिल्ह्यात त्याचा समावेश १९०५ साली झाला. १८७० साली जलंब ते खामगाव ही आगगाडीची छोटी शाखा सुरू झाली, आणि तिच्या उद्घाटनास खुद्द गव्हर्नर जनरल लॉर्ड मेयो आले. अवघ्या सातआठ मैलांच्या रस्त्यासाठी एवढा मोठा अधिकारी यावा, यावरूनच त्या गावच्या कापसाचे महत्त्व ध्यानात येते.

हे महत्त्व आले कोठून? त्याचे मूळ सातासमुद्रांपलीकडील एका युद्धात होते. १८६१ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. दक्षिणेकडील बंदरांची नाकेबंदी झाली आणि इंग्लंडातील गिरण्यांना मिळणारा अमेरिकन कापूस आटला. लँकेशायरच्या गिरणीमालकांची दृष्टी साहजिकच हिंदुस्थानाकडे वळली. पाहता पाहता येथील कापसाचा लिव्हरपूलमधील भाव चौपटीच्या घरात गेला. वऱ्हाडच्या काळ्या जमिनीत पिकलेल्या रुईचे मोल ठरविणारी घटना वऱ्हाडात घडतच नव्हती. आणि जी घडत होती तिचा शेवट केव्हा होईल, हे खामगावच्या आडत्यास ठाऊक नव्हते, मुंबईच्या सावकारासही नव्हते.

कापसाच्या पोटी मुंबईत जो पैसा आला, तो भागांच्या व्यवहारात उतरला. बँका निघाल्या, समुद्र हटवून जमीन काढण्याच्या कंपन्या निघाल्या. त्यांतील बॅकबे कंपनीचा पाच हजार रुपये भरलेला भाग पन्नास हजारांच्या वर विकला गेला. प्रेमचंद रायचंद यांचे नाव त्या काळी प्रत्येकाच्या तोंडी होते. त्यांनी एखाद्या भागास हात लावला की त्याचा भाव चढे, अशी लोकांची समजूत होती. वकील, कारकून, दुकानदार असे कितीतरी लोक या लाटेत सापडले. ‘अमुकाने इतके मिळविले’ ही वार्ता कानावर आली की शहाण्या माणसालाही आपले शहाणपण अडाणीपणासारखे वाटू लागते. तेजीचा हा स्वभाव तेव्हापासून आजतागायत बदललेला नाही.

१८६५ च्या एप्रिलमध्ये जनरल ली यांनी शस्त्रे खाली ठेवली आणि युद्ध संपत आले. ती बातमी येताच कापूस कोसळला, आणि कापसाच्या आधारावर उभे असलेले सारे मनोरे हलले. त्या वर्षीचा १ जुलै हा वायद्यांच्या फेडीचा दिवस होता. त्या दिवशी कित्येक पेढ्यांना देणे भागविता आले नाही. बँक ऑफ बाँबेचा जो भाग एके काळी २,८५० रुपयांना गेला होता, त्याला पुढे ८७ रुपये येईनात. प्रेमचंद रायचंद यांचेही दिवाळे निघाले. दख्खनच्या कुणब्यालाही या उतरंडीची झळ लागल्याशिवाय राहिली नाही. तेजीच्या दिवसांत सुलभपणे मिळालेले कर्ज मंदीत गळ्याशी आले, आणि १८७५ साली पुणे व अहमदनगर या जिल्ह्यांत सावकारांविरुद्ध जे दंगे झाले, त्यांच्या अनेक कारणांपैकी हेही एक होते.

या इतिहासावरून पुष्कळ लोक एवढाच बोध घेतात की, शहाण्याने शिखरावर विकावे आणि दरीत घ्यावे. हा उपदेश ऐकावयास गोड आहे. परंतु शिखर हे शिखर होते, हे उतरणीस लागल्यावरच कळते, आणि दरीचा तळ वर चढून आल्यावरच दिसतो. भविष्य जाणण्याची माणसाची ओढ फार जुनी आहे. याच बुलढाणा जिल्ह्यात, जळगाव जामोद तालुक्यातील भेंडवळ गावी, अक्षय्यतृतीयेस शेतात घट मांडतात. धान्यांचे दाणे गोलाकार मांडून, मधल्या खड्ड्यात पाण्याची घागर ठेवून, दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांची स्थिती पाहून पाऊस, पीक आणि राजकारण यांविषयीचे भाकीत सांगितले जाते, आणि ते ऐकण्यास दूरदूरचे शेतकरी जमतात. शहरवासीयांनी त्यास हसू नये. दर सकाळी ‘बाजार आज कोठे जाईल’ हे सांगणाऱ्या तज्ज्ञाकडे डोळे लावून बसणारा गृहस्थ त्याच ओढीने बसलेला असतो. भेद इतकाच की, घटमांडणी ऐकून घरी गेलेला शेतकरी पेरणीपुरता विचार करतो. तज्ज्ञाचे ऐकून उठलेला गृहस्थ पुष्कळदा त्याच दुपारी सौदा करून मोकळा होतो.

आता थोडा हिशेब करून पाहावा. बाजारातून योग्य वेळी बाहेर पडून योग्य वेळी परत येणे यात एक नव्हे, दोन निर्णय आहेत. समजा, एखाद्याचा अंदाज दहापैकी सहा वेळा खरा ठरतो. हे प्रमाण काही थोडे नव्हे. तथापि विकण्याचा अंदाज खरा ठरून पुन्हा घेण्याचाही खरा ठरण्याचा संभव शंभरात केवळ छत्तीस एवढाच राहतो. त्यातून दलाली आणि कर वजा जातात ते निराळेच.

शिवाय बाजाराचे चांगले दिवस वाईट दिवसांच्या शेजारीच राहतात. ८ जानेवारी २००८ रोजी मुंबईच्या भागबाजाराचा निर्देशांक, म्हणजे सेन्सेक्स, २०,८७३ वर बंद झाला होता. ९ मार्च २००९ रोजी तो ८,१६० वर आला. शंभर रुपयांचे एकोणचाळीस झाले. आणि एकोणचाळिसाचे पुन्हा शंभर व्हावयास अडीचपटीहून अधिक वाढ लागते. अशा वेळी धीर सुटून जे बाहेर पडले, त्यांनी आकाश निवळण्याची वाट पाहावयाचे ठरविले. परंतु १८ मे २००९ रोजी, लोकसभेच्या निवडणुकीचा निकाल लागल्यानंतरच्या पहिल्याच व्यवहाराच्या दिवशी, तोच निर्देशांक एका दिवसात सतरा टक्क्यांहून अधिक चढला आणि व्यवहार थांबवावे लागले. वाट पाहणाऱ्यांना आत शिरावयास दारच उरले नाही. २०२० सालीही तसेच झाले. २३ मार्चला निर्देशांक एका दिवसात तेरा टक्के कोसळून २५,९८१ वर आला. देशभर टाळेबंदी होऊ घातली होती, रोगाचे भय होते, आणि बाजारातील बातमी एकाहून एक वाईट होती. पुढील फेब्रुवारीत तो ५०,००० च्या वर बंद झाला.

येथे कापूस आणि भाग यांमधील एक मोठा भेद ध्यानात घेतला पाहिजे. घरात भरून ठेवलेला कापूस काही प्रसवत नाही. तो सुकून वजनात घटतो, त्याचा रंग जातो, आणि धनी कर्जात असेल तर व्याज मात्र चढत राहते. म्हणून थांबणे शेतकऱ्यास महाग पडते. चांदीचेही तसेच. चांदीच्या व्यवहाराकरिता खामगावची आज ख्याती आहे. त्या धातूचा जागतिक भाव १९८० च्या जानेवारीत औंसास पन्नास डॉलरच्या आसपास गेला, मार्चअखेर अकरा डॉलरच्या खाली आला, आणि पुन्हा पन्नासाजवळ पोहोचावयास २०११ साल उजाडले. मधल्या एकतीस वर्षांत त्या चांदीने धन्यास एक पैचेही व्याज दिले नाही. चालत्या उद्योगाचा भाग मात्र निराळा. त्याचा भाव पडलेला असतानाही कारखाना चालू असतो, माल विकला जात असतो, नफ्याचा वाटा साठत असतो. तेव्हा कापसाच्या धन्यास थांबणे जसे महाग, तसे भागांच्या धन्यास बाहेर राहणे महाग. कापूस-बाजारातील शहाणपण भागबाजारात जसेच्या तसे चालवू गेल्यास ते उलटते ते यामुळे.

मग सामान्य गृहस्थाने करावे काय? शेतकऱ्याची एक जुनी रीत येथे उपयोगी पडते. कापसाची वेचणी एकदम होत नाही; पहिली, दुसरी, तिसरी अशी होते, आणि मालही थोडा थोडा बाजारात जातो. सगळा माल उत्तम भावाने जात नाही, परंतु सगळा पडत्या भावानेही जात नाही. दरमहा ठराविक रक्कम गुंतविण्याची पद्धत याच तत्त्वावर उभी आहे. समजा, दरमहा हजार रुपये घातले आणि पाच महिन्यांतील भाव अनुक्रमे १००, ८०, ५०, ८० आणि १०० असे राहिले. तेवढ्याच पैशात पहिल्या महिन्यात दहा भाग येतात, तिसऱ्या महिन्यात वीस. पाच हजारांत एकूण पासष्ट भाग हाती येतात आणि शेवटच्या भावाने त्यांची किंमत ६,५०० होते. भाव जेथून निघाला तेथेच परत आला, तरी गृहस्थास दीड हजारांचा लाभ झाला. कारण स्वस्ताईत त्याने आपोआप अधिक घेतले. यात भाकीत नाही, केवळ नेम आहे.

परंतु या नेमाची मर्यादाही स्पष्ट सांगितली पाहिजे. बाजार सतत चढतच राहिला, तर सारी रक्कम आरंभीच घालणाऱ्यास अधिक लाभ होतो. हप्त्याने घालणारा मागे राहतो. हप्ता मनास स्थैर्य देतो, आणि त्याचे मोल कधी कधी द्यावे लागते. दुसरे असे की, जो भाव पडून पुन्हा उठतच नाही, तेथे हप्ता वाचवू शकत नाही. १८६५ नंतर ज्यांनी बुडत्या कंपन्यांचे भाग ‘आता स्वस्त झाले’ म्हणून घेतले, त्यांनी स्वस्ताईत अधिक घेऊन अधिकच गमावले. एक कंपनी मरू शकते; देशातील नानाविध उद्योगांचा समूह सहसा एकदम मरत नाही. म्हणून हा नेम एकाच भागास नव्हे, तर पुष्कळ उद्योगांत विभागलेल्या गुंतवणुकीस लागू आहे. तेथेही धीर किती लागेल याची शाश्वती नाही. जपानचा निक्केई निर्देशांक १९८९ च्या डिसेंबरात ज्या उंचीवर होता, ती त्यास पुन्हा गाठता आली २०२४ च्या फेब्रुवारीत. चौतीस वर्षांत एका माणसाची उमेद सरते.

यातून सर्वांत महत्त्वाचा प्रश्न पुढे येतो : हा पैसा केव्हा लागणार आहे? नुकताच निवृत्त झालेला शिक्षक भविष्यनिर्वाह निधीची एकरकमी रक्कम हातात घेऊन उभा असतो. तीच रक्कम मुलीचे शिक्षण, आजारपण आणि दोघांचे वार्धक्य. त्याच्या दृष्टीने बाजार चढेल की उतरेल हा प्रश्न दुय्यम आहे. उतरला असता घर कसे चालेल, हा मुख्य आहे. दोनतीन वर्षांत लागणारा पैसा त्याने भागबाजारात नेऊच नये. तो बँकेत किंवा टपालखात्यात सुरक्षित असावा. ज्यास दहा-पंधरा वर्षे हात लावावयाचा नाही, तेवढाच भागांत जावा, आणि तोही एका दिवसात नव्हे. दोहोंचे प्रमाण एकदा ठरवून कागदावर लिहून ठेवावे. तेजीत भागांचा वाटा ठरल्यापेक्षा फुगला, तर वर्षातून एकदा तो छाटून सुरक्षित बाजूस न्यावा; मंदीत आटला, तर सुरक्षित बाजूतील, निकडीच्या पैशास न लागणारा अंश इकडे आणावा. अशा रीतीने महागाईत विकणे आणि स्वस्ताईत घेणे साधते, आणि त्याकरिता भविष्य जाणावे लागत नाही.

कर्ज काढून मात्र कोणी या वाटेस जाऊ नये. १८६५ साली भाव पडला म्हणून जितके लोक बुडाले, त्याहून अधिक लोक फेडीची तारीख ठरलेली होती म्हणून बुडाले असे म्हणता येईल. ज्याच्या डोक्यावर तारीख नाही तो मंदी सोसू शकतो. ज्याच्यावर ती आहे त्यास विकावेच लागते, आणि तेही नेमके सर्वांत वाईट दिवशी.

तेजी आणि मंदी यांची ये-जा कोणाच्याही हुकमतीत नाही. गृहस्थाच्या हाती आहे ते इतकेच : किती पैसा घालावा, किती काळाकरिता घालावा, किती ठिकाणी विभागावा, आणि एकदा ठरविलेला नेम भीतीने वा लोभाने मोडू नये. एवढ्या चार गोष्टी ज्याने सांभाळल्या, त्यास मुहूर्त विचारीत हिंडण्याची गरज सहसा पडत नाही.