पत्र आणि पत

दिल्लीच्या उत्तरेस जी खडकाळ टेकडी पसरली आहे, तिच्या माथ्यावर ‘हिंदूराव’ हे मराठी नाव अद्यापि नांदत आहे. आज त्या नावाने ओळखले जाते ते महानगरपालिकेचे मोठे रुग्णालय. परंतु नाव आहे कागलच्या घाटगे घराण्यातील एका सरदाराचे. विल्यम फ्रेझर या इंग्रज अधिकाऱ्याचा १८३५ मध्ये खून झाला आणि टेकडीवरील त्याचा प्रशस्त वाडा पुढे हिंदूराव घाटगे यांच्याकडे आला. १८५७ च्या रणधुमाळीत त्या वाड्यावर तोफगोळ्यांचा वर्षाव झाला, म्हणून इतिहासाला तो ठाऊक आहे. पण हिंदूरावांच्या भगिनी म्हणजे ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे. राज्यकारभाराइतकीच सावकारीतही त्यांची गती होती आणि हुंडीचा व्यवहार त्यांना चांगला अवगत होता, हे पुष्कळांना ठाऊक नसते. आजच्या विषयाचा धागा त्या हुंडीपासूनच निघतो.

हुंडी म्हणजे दिसावयास कागदाचा एक कपटा. उत्तर हिंदुस्थानातील वसुलीची रक्कम पुण्यास पोचवावयाची, तर रोकड बैलांवर लादून नेण्यापेक्षा सराफाची हुंडी नेणे सोयीचे आणि निर्धोक असे. वाटेत अनेक राज्ये लागत, प्रत्येकाचे नाणे निराळे, जकातीचे नाके निराळे, न्यायाची रीतही निराळी. या सर्वांवर हुकूमत चालविणारा एकच कायदा नव्हता. तरीही उज्जैनीस लिहिलेली हुंडी पुण्यास वटत असे. याचे कारण त्या कागदात नव्हते. कागदामागे जी पत उभी होती, तीत होते. पत्राला किंमत येते ती पतीमुळे. हे सूत्र ध्यानी धरले, म्हणजे कागदाविना चालणाऱ्या आंतरराष्ट्रीय व्यापाराचा प्रश्न नेमका कोठे अडला आहे ते स्पष्ट दिसू लागते.

हिंदूरावच्या टेकडीवरून खाली उतरले की सदर बाजार लागतो आणि थोडे पुढे गेले की मसाल्याच्या व सुक्या मेव्याच्या घाऊक व्यापाराची विख्यात पेठ, खारी बावली. तेथे विकला जाणारा कॅलिफोर्नियाचा बदाम समुद्रमार्गे पश्चिम किनाऱ्यावरील बंदरात उतरतो. दिल्लीस समुद्र नाही. पण बंदर आहे. शहराच्या दक्षिणेस तुघलकाबाद येथे १९९३ पासून ‘कोरडे बंदर’ चालते. न्हावाशेव्यास उतरलेले लोखंडी खोके आगगाडीने तेथे येते आणि जकातीचे सोपस्कार तेथेच उरकतात.

खोके येते ते एकटे नव्हे. त्याच्यासोबत अथवा त्याच्या आगेमागे कागदांची एक वरात चालत असते. मालाचे बीजक, पेट्यांची यादी, जहाज कंपनीने दिलेले बिल ऑफ लेडिंग, माल कोणत्या देशात उत्पन्न झाला याचा दाखला, त्यात कीड-रोग नसल्याचा दाखला, विम्याचे पत्र, बँकेचे पत्र आणि आयातीचे प्रवेशपत्र. संयुक्त राष्ट्रांच्या व्यापार व विकास परिषदेने पूर्वी एक अंदाज मांडला होता. त्यानुसार सीमापार जाणाऱ्या सर्वसाधारण व्यवहारात २० ते ३० पक्ष गुंतलेले असतात, ४० कागद लागतात, त्यांत सुमारे २०० बाबी भराव्या लागतात आणि त्यांपैकी ३० बाबी निदान ३० वेळा पुनःपुन्हा लिहाव्या लागतात. कागदी घोडे नाचविणे असे जे आपण म्हणतो, त्याचे याहून समर्पक उदाहरण सापडणे कठीण.

हे लेखन केवळ लेखनिकांच्या आळसामुळे अथवा सरकारी हट्टामुळे वाढले, असे मानणे अन्यायाचे होईल. एका कचेरीने दुसऱ्या कचेरीच्या लेखावर विसंबून राहावयाचे नाही, हा त्यामागचा खरा न्याय आहे. जेथे विश्वास नाही तेथे प्रत लागते. आणि जेथे प्रतीवरही विश्वास नाही तेथे शिक्का लागतो.

देशांतर्गत ही गाठ बरीचशी सैल झाली आहे. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला आणि राज्याराज्यांच्या हद्दीवरचे विक्रीकराचे नाके उठले. १ एप्रिल २०१८ पासून आंतरराज्य मालवाहतुकीस ई-वे बिल लागू झाले. परदेशी व्यापारातही १ एप्रिल २०१६ पासून सीमाशुल्क खात्याने ‘एक खिडकी’ उघडली. पूर्वी व्यापाऱ्याला अन्नसुरक्षा, वनस्पती संरक्षण, औषध नियंत्रण अशा खात्यांचे उंबरठे निरनिराळे झिजवावे लागत. आता एकाच आवेदनातून ते काम पुढे सरकू शकते. त्याच वर्षी न्हावाशेव्याच्या जवाहरलाल नेहरू बंदरात खोक्यांवर रेडिओ लहरींनी वाचता येणारी खूणपट्टी लावण्यास आरंभ झाला. खोके बंदरातून कधी सुटले, वाटेत कोठे आहे, हे मालकाला घरबसल्या कळू लागले.

महाराष्ट्रातील शेतकऱ्याला तर या विद्येची ओळख त्याहूनही आधीची आहे. युरोपात जाणाऱ्या द्राक्षांत कीटकनाशकाचे अंश सापडल्याने नाशिककडील बागायतदारांवर संकट कोसळले. त्यातून धडा घेऊन कृषिमाल निर्यातीच्या प्राधिकरणाने २००६ मध्ये ‘ग्रेपनेट’ ही व्यवस्था उभारली. बागेची नोंद, प्रयोगशाळेचा तपास, बांधणीगृह आणि निर्यातीचा दाखला ही सारी साखळी तीत एकत्र जोडली गेली. पेटीतील द्राक्षांचा माग थेट बागेपर्यंत काढता येऊ लागला. द्राक्ष हा काही कागदाची वाट पाहत बसणारा माल नव्हे. दाखला एक दिवस रखडला तर त्याचा एक दिवस उणावतो, आणि त्या दिवसाची किंमत अखेर शेतकऱ्याच्या पदरातून जाते.

मग अडते कोठे? अडते ते वेशीवर. आपल्या देशातील संगणकाने दिलेला दाखला परदेशातील अधिकाऱ्याने ग्राह्य मानलाच पाहिजे, असे नाही. त्याने छापील प्रत आणि ओली सही मागितली, की येथवरची सारी धाव व्यर्थ ठरते. म्हणूनच हा प्रश्न यंत्राचा कमी आणि शेजारधर्माचा अधिक आहे. आशिया व पॅसिफिक प्रदेशातील राष्ट्रांसाठी संयुक्त राष्ट्रांच्या प्रादेशिक आयोगाने २०१६ मध्ये एक करार संमत केला आणि तो २० फेब्रुवारी २०२१ रोजी अमलात आला. एकमेकांचे इलेक्ट्रॉनिक लेख परस्परांनी ग्राह्य मानावेत, हे त्याचे सार. नेपाळला समुद्र नाही. त्याचा माल कोलकात्यास किंवा विशाखापट्टणमला उतरतो. त्या खोक्यांना आता इलेक्ट्रॉनिक कुलूप लावता येते. वाटेत कोणी ते छेडल्यास त्याची वर्दी मिळते. दोन शेजारी एकाच कुलपावर भरवसा ठेवतात, तेव्हा वाटेवरची उलटतपासणी कमी होते. सहकार्य या मोठ्या शब्दाचा व्यवहारातील अर्थ एवढाच.

भरवसा नसेल तर उत्तमातले उत्तम यंत्रही कसे निरुपयोगी ठरते, याचे उदाहरण अलीकडचेच आहे. मर्स्क ही जगड्व्याळ जहाज कंपनी आणि आयबीएम यांनी मिळून २०१८ मध्ये ‘ट्रेडलेन्स’ नावाची कागदविरहित व्यवस्था जगापुढे मांडली. तंत्र अद्ययावत होते, भांडवल विपुल होते. परंतु साऱ्या व्यापारजगताचे जे पूर्ण सहकार्य त्यास हवे होते, ते लाभले नाही; आणि २०२२ च्या नोव्हेंबरात तो उद्योग गुंडाळण्याची घोषणा करावी लागली. वही एका व्यापाऱ्याच्या दुकानात ठेवावयाची आणि हिशेब मात्र सर्वांनी तीत लिहावयाचा, ही गोष्ट प्रतिस्पर्ध्यांच्या गळी उतरणे सोपे नसते.

दुसरी अडचण कायद्याची आहे. बिल ऑफ लेडिंग ही नुसती पावती नव्हे. तो ज्याच्या हाती, माल त्याचा. कागद एका वेळी एकाच्याच हाती असू शकतो. संगणकातील लेखाच्या मात्र क्षणात हजार प्रती निघतात; मग मालक कोणता मानावयाचा? या कोड्यावर संयुक्त राष्ट्रांच्या व्यापार कायदा आयोगाने २०१७ मध्ये एक नमुना कायदा सुचविला. सिंगापूरने २०२१ मध्ये आणि इंग्लंडने २०२३ मध्ये आपापले कायदे त्या दिशेने वळविले. भारतात हिंदूरावच्या वाड्याभोवती लढाई पेटण्याच्या आदल्या वर्षी, म्हणजे १८५६ मध्ये झालेला बिल ऑफ लेडिंगचा कायदा तब्बल १६९ वर्षे टिकला आणि २०२५ मध्ये त्याची जागा नव्या कायद्याने घेतली. परंतु एका देशाने कायदा बदलून भागत नाही. माल जेथून निघतो आणि जेथे पोचतो, त्या दोन्ही ठिकाणच्या न्यायालयांनी तो लेख मालकीचा पुरावा म्हणून मानला पाहिजे.

तिसरी गोष्ट सावधगिरीची. २७ जून २०१७ रोजी संगणकांवर जो जागतिक हल्ला झाला, त्यात मर्स्कची यंत्रणा कोलमडली आणि तिच्याशी संबंधित असलेल्या न्हावाशेव्याच्या एका धक्क्यावरील कामही ठप्प झाले. खोकी जागच्या जागी होती, क्रेन धडधाकट होत्या, मनुष्यबळ हजर होते. हरपली होती ती केवळ माहिती. जुन्या सराफांनी अशा प्रसंगाची तजवीज आधीच करून ठेवली होती. हुंडी गहाळ झाली तर ‘पैठ’, आणि तीही हरवली तर ‘परपैठ’ देण्याची त्यांची वहिवाट होती. कागद जाणारच, हे गृहीत धरून त्यांनी पत सुरक्षित ठेवली. नव्या बंदरांनाही आपली पैठ आणि परपैठ निर्माण करावी लागेल.

आणि सर्वांत शेवटी विचार करावयाचा तो लहान व्यापाऱ्याचा. मोठ्या पेढीजवळ दलाल असतात, वकील असतात, विलंब सोसण्याचे बळ असते. कागदांचा भार तिला जाचतो, पण चिरडीत नाही. दोन पेट्या मसाला अथवा एक खोके द्राक्षे पाठवू पाहणारा मनुष्य मात्र त्याच भाराखाली पहिल्याच पावलाला माघार घेतो. कागदाची जागा अगम्य अशा यंत्राने घेतली आणि तो पुन्हा कोणा मध्यस्थाच्या दारीच जाऊन बसला, तर बदल झाला तो केवळ शाईचा. त्याचा अर्ज त्याच्या भाषेत भरता आला, त्याला एकच गोष्ट एकदाच लिहावी लागली आणि त्याचा खरा दाखला दूरच्या बंदरातही खरा मानला गेला, तरच पत्र गेले आणि पत राहिली असे म्हणता येईल.