दोन मुली, एक ताट
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी चार शब्द बोलायला सांगितले तेव्हा मी नकोच म्हणत होते. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. पण विषय माझ्याच घरचा आहे, आणि थोरल्या मुलीला विचारूनच उभी राहिले आहे.

मला दोन मुली. एकाच तव्यावरची भाकर, तेच तुरीचे वरण. धाकटी शेंगेसारखी, थोरली लहानपणापासून अंगाने भरलेली. हळदीकुंकवाला जी ती विचारी, "हिला काय वेगळे खाऊ घालता हो?" स्थळे येऊ लागली तशी मी तिच्या ताटातल्या भाकरी मोजू लागले. एकदा डब्यातले तिळाचे लाडू कमी भरले. मी चार बायकांदेखत तिला बोलले. लाडू धाकटीने मैत्रिणींना नेले होते. थोरली त्या रात्री जेवली नाही, आणि खरे सांगते, मला तेव्हा बरेच वाटले.

माझी भाची नर्सिंग शिकते. दिवाळीला आली तेव्हा तिने मला काही गोष्टी वाचून समजावल्या. डेन्मार्क देशात ५४० दत्तक गेलेल्या माणसांची पाहणी झाली, ती १९८६ साली छापून आली. त्यांची अंगलट जन्म देणाऱ्या आईबापांशी जुळली. ज्यांच्या घरी जेवून मोठी झाली त्यांच्याशी जुळली नाही. खाण तशी माती आपण म्हणतोच, पण ते मुलीचे रंगरूप पाहताना आठवते, वजन पाहताना नाही.

आईबापांकडून मुलांत जे उतरते त्याच्या बारीक कणाला जनुक म्हणतात. २००७ साली एफटीओ नावाच्या जनुकाचा पत्ता लागला. त्याचा एक प्रकार ज्याला आई आणि बाप दोघांकडूनही मिळाला, त्याचे वजन तो अजिबात न मिळालेल्यापेक्षा सरासरी तीन किलोने जास्त भरते. अशा मुलांना पोट भरल्याची जाणीव कमी होते. म्हणजे भूक खरीच असते, खादाडपणा नसतो. असे जनुक पुढे शेकड्यांनी सापडले, एकेकाचा वाटा चिमूटभर. माझ्या नणंदेचा लग्नातला फोटो काढून पाहिला, तर थोरली तिच्यासारखीच उभी!

पण सगळे बीजावर ढकलून मोकळे होता येत नाही. दोन लाखांहून अधिक लोकांच्या पाहणीत २०११ साली दिसले की, अंगमेहनत करणाऱ्यांत त्या एफटीओचा जोर सुमारे पाव हिश्श्याने कमी पडतो.

आता बारीक बायकांनी हसू नये. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि विलायतेतले डॉ. युडकिन यांचा जोडफोटो २००४ साली लॅन्सेट साप्ताहिकात आला. उंचीच्या मानाने दोघांचे वजन अगदी सारखे. पण चरबी मोजली तर युडकिनांची शेकडा ९.१ आणि आपल्या याज्ञिकांची २१.२! याज्ञिकांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या गरोदर बायकांचा अभ्यास केला. तिथली बाळे सरासरी २.७ किलोची, विलायतेतली साडेतीन किलोची. आपली बाळे हातापायाने काडी, मांस कमी, पण कातडीखालची चरबी जवळजवळ तेवढीच. यात बीजाइतकाच, कदाचित जास्तच, आईच्या पोटातल्या पोषणाचा भाग आहे. गरोदर सुनेला शेवटी जेवायला बसवणाऱ्या घरांनी हे ऐकावे. (आमचेही घर त्यातलेच होते.)

माझे मोठे दीर सडसडीत. त्यांच्या ताटाकडे कधी कोणी पाहिले नाही. तपासणीत साखर निघाली ती त्यांचीच, थोरलीची नाही. तिची तपासणी स्वच्छ आली.

लाडवांबद्दल मी तिची माफी मागितली. "आई, तो डबा अजून वरच्या फळीवरच ठेवतेस," एवढेच ती म्हणाली. दुसऱ्या दिवशी मी डबा खाली आणला. संध्याकाळी आम्ही दोघी पुलगावच्या रस्त्याने फिरून येतो. धाकटीलाही ओढून नेतो.

एक उपयोगाचे सांगते. आपल्याकडच्या बाईची कंबर ८० सेंटिमीटरच्या, म्हणजे साडेएकतीस इंचांच्या वर गेली की साखर आणि रक्तदाब तपासून घ्यावा, मग ती दिसायला कशीही असो. टेप मंडळाच्या शिवणाच्या पेटीत आहे. चहा झाल्यावर दार लावून घेऊ. आधी माझी मोजा.